जर्मनीत लोक चर्च सोडतात, म्हणजे नेमकं काय करतात?

दरवर्षी जर्मनीतली दोन मोठी चर्च, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, आपल्या सभासदांचा हिशेब जाहीर करतात. मग 'युरोपातून ख्रिस्ती धर्म ओसरतोय' अशा मथळ्यांच्या बातम्या आपल्याकडेही येतात. २०२४ चा हिशेब असा होता : ३,२१,६११ कॅथलिकांनी चर्च सोडलं, प्रॉटेस्टंट चर्चमधून सुमारे ३ लाख ४५ हजार माणसं बाहेर पडली. वर्षाअखेरीस कॅथलिक उरले सुमारे १ कोटी ९८ लाख आणि प्रॉटेस्टंट सुमारे १ कोटी ८० लाख. दोन्ही मिळून देशाच्या लोकसंख्येच्या ४५ टक्के. १९५० च्या सुमारास पश्चिम जर्मनीत हेच प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर होतं.

मराठी वाचकाला यात पहिला प्रश्न पडतो तो मोजणीचा. माणसाने धर्म सोडला हे शेवटच्या आकड्यापर्यंत कळतं कसं? देवळात जाणं बंद केलं तर त्याची नोंद आपल्याकडे कुठेच होत नाही. जर्मनीत होते, कारण तिथे चर्चचं सभासदत्व ही सरकारी दप्तरातली गोष्ट आहे आणि तिचा थेट संबंध पगाराशी आहे. ही यंत्रणा समजून घेतली की पाश्चात्त्य देशांतल्या धार्मिक बदलाचं बरंचसं कोडं उलगडतं. सोडून जाणाऱ्यांची संख्या हा या बदलाचा सहज दिसणारा भाग आहे. खरा खोल बदल घराघरांत झाला आहे.

सभासद कोण, आणि कर कसला?

जर्मनीत बाप्तिस्मा झाला की मूल चर्चचं सभासद होतं. ही नोंद नगरपालिकेच्या रहिवासी दप्तरातही जाते. पुढे ते मूल कमावतं झालं की त्याच्या प्राप्तिकरावर चर्च-कर लागतो. सरकार तो पगारातून कापून चर्चला पोचवतं आणि या कामाबद्दल जमा रकमेतले साधारण दोन ते चार टक्के स्वतःकडे ठेवतं. गावच्या जत्रेची वर्गणी घरोघर फिरून न मागता प्रत्येकाच्या मिळकतीप्रमाणे तहसीलदारानेच सरकारी करासोबत वसूल करावी, आणि ती द्यायची नसेल तर कचेरीत जाऊन 'मी या जत्रेतला नाही' असं लिहून द्यावं लागावं, अशी ही व्यवस्था आहे.

तिचं मूळ १८०३ मध्ये आहे. नेपोलियनच्या काळात ऱ्हाइन नदीच्या डाव्या तीरावरचा प्रदेश फ्रान्सकडे गेला. ज्या जर्मन राजांनी तो गमावला त्यांना भरपाई म्हणून चर्चच्या जमिनी आणि मठ देण्यात आले. उत्पन्न गेलं म्हणून चर्चचा भार संस्थानांवर आला. हा भार हलका करण्यासाठी एकोणिसाव्या शतकात एकेका संस्थानाने सभासदांवरच कर बसवायला सुरुवात केली. १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या १३७ व्या कलमाने या अधिकाराला घटनेचा आधार दिला आणि १९४९ च्या घटनेने १४० व्या कलमाद्वारे तो जसाच्या तसा पुढे चालवला. ज्यू समाजाच्या संस्थाही असा कर घेतात. मशिदींच्या संघटना घेत नाहीत.

किती पैसे जातात?

इथे नेहमी एक गैरसमज होतो. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेमबर्ग या दोन राज्यांत दर ८ टक्के आहे, बाकी सगळीकडे ९ टक्के; पण ही टक्केवारी उत्पन्नावर लावायची नसते, ती प्राप्तिकराच्या रकमेवर लागते. वर्षाचा प्राप्तिकर १०,००० युरो होत असेल तर बर्लिनमध्ये चर्च-कर ९०० युरो आणि म्युनिकमध्ये ८०० युरो. ही रक्कम पुढच्या करविवरणात वजावटीला मिळते. तुमच्या शेवटच्या युरोवर ३५ टक्के कर बसत असेल तर ९०० पैकी सुमारे ३१५ युरो परत येतात, म्हणजे खरा भार ५८५ युरोंचा. ज्याला प्राप्तिकर नाही त्याला चर्च-करही नाही. त्यामुळे मुलं, बेरोजगार आणि बरेचसे पेन्शनर सभासद असूनही काही भरत नाहीत.

सोडण्याची पद्धत

चर्च सोडायचं तर धर्मगुरूकडे जावं लागत नाही. बर्लिन आणि नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात स्थानिक न्यायालयात जायचं, बव्हेरियात जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयात. ब्रेमेन हा अपवाद, तिथे चर्चच्या कार्यालयातही नोंद करता येते. आधी वेळ घ्यायची. ओळखपत्र किंवा पासपोर्ट न्यायचा. अधिकाऱ्यासमोर निवेदनावर सही करायची. कारण विचारलं जात नाही. शुल्क राज्याप्रमाणे बदलतं : ब्रांडेनबुर्गमध्ये काहीच नाही, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात ३० युरो. कार्यालय करखात्याला कळवतं आणि त्या किंवा पुढच्या महिन्याच्या अखेरीला कपात थांबते.

मुलांचं वेगळं असतं. आईवडिलांनी चर्च सोडलं म्हणून मूल आपोआप बाहेर पडत नाही, त्याच्यासाठी स्वतंत्र निवेदन लागतं. मूल बारा वर्षांचं झालं की त्याच्या मनाविरुद्ध त्याचा धर्म बदलता येत नाही आणि चौदाव्या वर्षापासून निर्णय सर्वस्वी त्याचा असतो. हा कायदा १९२१ चा आहे.

गडबड होते ती बहुतेक कागदामुळे. चर्च सोडल्याचा दाखला आयुष्यभर जपायचा असतो. दुसऱ्या शहरात राहायला गेल्यावर, विशेषतः बर्लिनमध्ये, चर्च-कर कार्यालयाकडून प्रश्नावली येते : तुमचा बाप्तिस्मा झाला होता का, आणि चर्च सोडलं असेल तर पुरावा काय? पूर्व जर्मनीत लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या आणि त्यानंतर चर्चचं तोंडही न पाहिलेल्या माणसांना अशा वेळी मागच्या वर्षांचा कर भरावा लागला आहे. दाखला नाही म्हणजे सभासदत्व चालू, असा सरळ अर्थ लावला जातो.

नोकरीसाठी जर्मनीत जाणाऱ्या मराठी माणसाशी या सगळ्याचा संबंध पहिल्या दोन आठवड्यांतच येतो. नव्या घरात राहायला गेल्यावर १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम यांच्या पगारावर त्याचा परिणाम होत नाही. वसई, गोवा किंवा मुंबईतल्या कॅथलिक माणसाची गोष्ट वेगळी. त्याचा बाप्तिस्मा निर्मळला झाला असो की मडगावला, जर्मनीत वास्तव्य सुरू झालं की तो तिथल्या चर्चचा सभासद धरला जातो आणि पहिल्याच पगारात चर्च-कर दिसतो. प्रॉटेस्टंटांबाबत असा सरसकट नियम लावता येत नाही, परदेशातल्या प्रत्येक प्रॉटेस्टंट चर्चचा सभासद तिथे आपोआप करदाता ठरत नाही. कॅथलिक असून 'धर्म नाही' असं लिहिणं हा मार्ग धोक्याचा आहे. पुढे चर्चमध्ये लग्न किंवा बाळाचा बाप्तिस्मा करायची वेळ आली की सत्य समोर येतं आणि मागची वसुली निघू शकते.

कॅथलिक माणसाने हा निर्णय केवळ पैशांचा समजू नये. जर्मन बिशपांच्या सप्टेंबर २०१२ च्या आदेशानुसार चर्च सोडणाऱ्याला पापनिवेदन, कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद), दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याने किशोरवयात श्रद्धा पक्की करण्याचा विधी) आणि रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी) हे संस्कार मिळत नाहीत. मरणाच्या दारात असलेल्यासाठी तेवढा अपवाद आहे. धर्मपिता किंवा धर्ममाता होता येत नाही. चर्चमध्ये लग्नासाठी बिशपांची परवानगी लागते आणि पश्चात्तापाची काही खूण दिसली नसेल तर ख्रिस्ती अंत्यविधीही नाकारला जाऊ शकतो. कॅथलिक संस्थेत नोकरी असेल तर तीही धोक्यात येते. वसईत वाढलेल्या माणसाला, जिथे घरातला प्रत्येक टप्पा धर्मग्रामाशी, म्हणजे गावातल्या चर्चच्या समुदायाशी, जोडलेला असतो, हे सारं आधी माहीत असायला हवं.

लोक नाराज होऊन जातात का?

काही नक्कीच जातात, आणि त्यांची नाराजी रास्त आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये जर्मन बिशपांनीच करवून घेतलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. १९४६ ते २०१४ या काळात १,६७० धर्मसेवकांनी ३,६७७ मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं त्यात कागदपत्रांवरून दिसलं. जानेवारी २०२२ च्या म्युनिकच्या अहवालात किमान ४९७ पीडितांची नोंद होती. त्या वर्षी ५,२२,८२१ कॅथलिकांनी चर्च सोडलं, हा आजवरचा उच्चांक. कोलोनमध्ये तर कार्डिनलनी शोषणाबद्दलचा एक अहवाल दडवून ठेवल्यावर इतकी रीघ लागली की न्यायालयाला २०२१ मध्ये महिन्याच्या भेटीच्या वेळा ६०० वरून १,००० कराव्या लागल्या. मुलांचा विश्वासघात झाला आणि तो करणाऱ्यांना वरिष्ठांनी एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवून वाचवलं. यानंतर एखाद्या आईने मुलाचा हात धरून बाहेर पडायचं ठरवलं तर तिला दोष देता येणार नाही.

तरीही एवढ्यावरून पूर्ण उत्तर मिळत नाही. प्रॉटेस्टंट चर्चचा शोषणाबद्दलचा मोठा अभ्यास जानेवारी २०२४ मध्ये आला. त्याच्या कितीतरी आधीपासून, दशकानुदशकं, तिथूनही लोक जातच होते. तिथे धर्मगुरूंना लग्नाची मुभा आहे, स्त्रिया धर्मगुरू आणि बिशप होतात. म्हणजे कॅथलिक चर्चकडे ज्या सुधारणा मागितल्या जातात त्यातल्या बऱ्याच तिथे कधीच झाल्या आहेत, आणि ओहोटी तशीच आहे.

प्रॉटेस्टंट चर्चचा २०२४ चा हिशेब पाहा. मृत्यू सुमारे ३ लाख ३० हजार, बाप्तिस्मे सुमारे १ लाख १० हजार. एका बाप्तिस्म्यामागे तीन मृत्यू. त्या वर्षी एकाही माणसाने चर्च सोडलं नसतं तरी सभासद दोन लाखांहून अधिक घटलेच असते. यातला काही भाग जन्मदर कमी असल्यामुळे आहे. काही भाग आईवडिलांनी मुलांचा बाप्तिस्माच न केल्यामुळे आहे. फ्रायबुर्ग विद्यापीठाने २०१९ मध्ये दोन्ही चर्चांसाठी २०६० पर्यंतचा अंदाज मांडला. वय आणि लोकसंख्या या कारणांनी निम्म्याहून कमी घट होईल, बाकीची बाप्तिस्मा न होणं आणि चर्च सोडणं यांमुळे होईल, असा त्याचा निष्कर्ष होता.

सोडणाऱ्यांत विशी-तिशीतल्यांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे. शिक्षण संपलं, पहिली नोकरी लागली, आणि पगारपत्रकात पहिल्यांदा चर्च-कराची ओळ दिसली. चर्चशी त्याचा संबंध चौदाव्या वर्षी दृढीकरणाच्या दिवशीच संपलेला असतो. रोष नसतो, ओढही नसते. कर नसता तर तो कधी विचारातही पडला नसता. कागदावर सभासद राहिला असता आणि मुलांचा बाप्तिस्मा मात्र केला नसता.

पूर्व जर्मनीत काय घडलं

पिढीतून पिढीकडे जाणारा हा धागा तुटला की काय होतं हे पाहायचं तर पूर्वेकडे पाहावं. मार्टिन लुथरने १५१७ मध्ये ज्या विटेनबर्गमधून चर्चच्या सुधारणेची चळवळ (जिच्यातून प्रॉटेस्टंट पंथ निघाला) सुरू केली, ते गाव ज्या भागात येतं तो आज जगातल्या सर्वांत धर्मविरक्त प्रदेशांपैकी आहे. १९५० मध्ये तिथले सुमारे नव्वद टक्के लोक चर्चचे सभासद होते.

कम्युनिस्ट सरकारने चर्च बंद केली नाहीत. त्याने चौदा वर्षांच्या मुलांवर लक्ष केंद्रित केलं. १९५५ पासून दृढीकरणाच्या वयातच 'युगेंडवाइहे' नावाचा सरकारी सोहळा सुरू झाला : फुलं, भाषणं, समाजवादी राष्ट्राची शपथ, भेट म्हणून पुस्तक, घरी मेजवानी. चर्चने आधी कडक भूमिका घेतली की हा सोहळा करणाऱ्या मुलाचं दृढीकरण होणार नाही. आईवडिलांपुढे पेच उभा राहिला, कारण सरकारी सोहळ्याला नकार म्हणजे मुलाच्या उच्च शिक्षणावर पाणी सोडणं. बहुतेकांनी मुलाचं भविष्य निवडलं. त्या मुलांनी पुढे स्वतःच्या मुलांचा बाप्तिस्मा केला नाही.

१९८९ मध्ये जे झालं ते फार बोलकं आहे. लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चमधल्या सोमवारच्या शांतिप्रार्थनांतून निघालेल्या मोर्चांनी राजवट हादरवली. चर्चने लोकांना छप्पर दिलं, धीर दिला, आणि लोक त्याबद्दल आजही कृतज्ञ आहेत. भिंत पडली, बंधनं गेली, कोणीही उघडपणे प्रार्थनेला जाऊ शकत होतं. लोक परतले मात्र नाहीत. तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या. आजीला 'आमच्या स्वर्गीय पित्या' ही प्रार्थना तोंडपाठ होती, आईला अर्धवट आठवत होती, नातीने ती ऐकलीच नव्हती. तिच्या दृष्टीने परतण्यासारखं काही मागे नव्हतंच. आश्चर्य म्हणजे युगेंडवाइहे मात्र, समाजवादी शपथ वगळून, आजही तिथे चालू आहे.

दडपशाहीने धर्म मरतो असा याचा अर्थ लावण्याआधी शेजारचा पोलंड पाहावा. तिथेही तशीच राजवट होती आणि चर्च अधिक बळकट झालं, कारण तिथे कॅथलिक असणं म्हणजे पोलिश असणं होतं. स्वातंत्र्यानंतर तिथेही रविवारच्या मिस्साची (कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेची) उपस्थिती १९९० मधल्या सुमारे ५० टक्क्यांवरून २०२३ मध्ये २९ टक्क्यांवर आली.

करच रद्द केला तर?

हा आक्षेप नेहमी येतो : कर काढा, लोक राहतील. इंग्लंडमध्ये चर्च-कर नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००१ मध्ये ७१.७ टक्के होते, २०११ मध्ये ५९.३ आणि २०२१ मध्ये ४६.२. उलट डेन्मार्कमध्ये चर्च-कर आहे, तरी लोकसंख्येचे ७० टक्क्यांहून थोडे अधिक लोक अजून तिथल्या लुथरन चर्चचे सभासद आहेत. रविवारी तिथलीही बाकं रिकामीच असतात. पण जन्माची नोंद, दृढीकरणाचा सोहळा, दफनभूमी या गोष्टी चर्चच सांभाळतं आणि तेवढ्यासाठी थोडे पैसे जाणं लोकांना खटकत नाही. कर लोकांना बाहेर पडण्याची तारीख ठरवायला लावतो. ओढ कमी होण्याची प्रक्रिया त्याच्याविनाही चालू असते.

श्रद्धा उरली आहे का?

'चर्च नको, पण देव मानतो' असं म्हणणारे बरेच असतील, असा अंदाज असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक लोकांच्या मोठ्या पाहणीत दोन्ही चर्चांचे सभासद आणि धर्म नसलेलेही होते. त्यांत चर्चशी बांधलेले धार्मिक १३ टक्के, धर्माशी अंतर राखून असलेले २५ टक्के, चर्चबाहेरच्या वेगळ्या अध्यात्माकडे वळलेले ६ टक्के आणि धर्माशी काही देणंघेणं नसलेले ५६ टक्के निघाले. योग, ध्यान किंवा ऊर्जेच्या गोष्टींनी चर्चची जागा घेतली हा समज ६ टक्क्यांपुढे टिकत नाही.

मग जागा इस्लामने घेतली?

नाही. हॅम्बुर्गच्या हॉर्न भागातलं कापरनाउम चर्च विकलं गेलं आणि २०१८ मध्ये तिथे अल-नूर मशीद उघडली, तेव्हा त्या इमारतीची छायाचित्रं जगभर फिरली. पण सरकारी अभ्यासानुसार जर्मनीत मुस्लिमांचं प्रमाण ६.५ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि कुठलाही धर्म न मानणारे ४० टक्क्यांहून अधिक आहेत. चर्च सोडणारा जर्मन माणूस मशिदीत जात नाही, कुठेच जात नाही.

आणि तरुण परतत आहेत त्याचं काय?

फ्रान्समध्ये २०२५ च्या ईस्टरला १०,३८४ प्रौढांचा बाप्तिस्मा झाला, आदल्या वर्षी ७,१३५ जणांचा झाला होता. ही वाढ खरी आहे आणि त्यात तरुण बरेच आहेत. अमेरिकेतही ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं प्रमाण २००७ च्या ७८ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांच्या आसपास येऊन गेली काही वर्षं तिथे थांबल्यासारखं दिसतं. स्वतःहून आलेल्या या माणसांची श्रद्धा जन्माने मिळालेल्या सभासदत्वापेक्षा पक्की असण्याची शक्यताही मोठी आहे. पण जर्मनीत एका वर्षात दोन्ही चर्चांतून साडेसहा लाखांहून अधिक माणसं बाहेर पडली, तिथे काही हजारांनी दिशा बदलत नाही.

पैसा, दवाखाने, धर्मगुरू

चर्च आटलं तर त्याचे दवाखाने आणि बालवाड्या बंद पडतील अशी भीती असते. कॅथलिकांची कारितास आणि प्रॉटेस्टंटांची डियाकोनी या संस्थांत मिळून बारा लाखांहून अधिक माणसं नोकरी करतात. मात्र त्यांचा खर्च मुख्यतः आरोग्य विम्यातून, सरकारी अनुदानातून आणि पालकांच्या शुल्कातून निघतो, चर्च-कराचा वाटा थोडा असतो. दवाखाना चालू राहील, दारावरचं नाव बदलू शकेल.

खरी चणचण धर्मग्रामात येणार आहे. आजवर सभासद घटत असूनही पगार वाढल्यामुळे चर्च-कराची रक्कम टिकून होती. १९५५ ते १९६९ दरम्यान जन्मलेली मोठी पिढी २०३५ च्या सुमारास निवृत्त झालेली असेल आणि पेन्शनवर प्राप्तिकर कमी, म्हणून चर्च-करही कमी. फ्रायबुर्गच्या अंदाजात २०१७ मधले ४ कोटी ४८ लाख सभासद २०६० पर्यंत २ कोटी २७ लाख होणार होते, म्हणजे वर्षाला साधारण पाच लाखांची घट. प्रत्यक्षात पहिल्या सात वर्षांत ती वर्षाला दहा लाखांच्या आसपास राहिली.

धर्मगुरूंची टंचाई तर पैशांच्याही आधी आली. २०२४ मध्ये साऱ्या जर्मनीत फक्त २९ नव्या कॅथलिक धर्मगुरूंना दीक्षा मिळाली. म्हणूनच तिथल्या कितीतरी धर्मग्रामांत आज केरळमधून किंवा भारताच्या इतर भागांतून गेलेले धर्मगुरू जर्मन भाषेत मिस्सा अर्पण करतात. फ्रायबुर्गच्या महाधर्मप्रांताने १ जानेवारी २०२६ पासून सुमारे एक हजार धर्मग्रामांची मिळून ३६ केली. गावातलं चर्च उभं आहे, पण कार्यालय, जमाखर्च आणि धर्मगुरूंचं वेळापत्रक आता दूरच्या शहरातून ठरतं, आणि म्हाताऱ्या सभासदाला रविवारच्या मिस्सासाठी दुसऱ्या गावी नेणारं कोणी आहे का, हे तिथल्या तिथे उरलेल्या माणसांनाच पाहावं लागतं.